बूसीची बाजू

मिशनरी कार्यावर टीका झाली की आपल्या समाजात दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर असे, की मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने उभारले, कोश आणि व्याकरणे रचली. तेव्हा त्यांच्याविषयी ब्र काढणे हा कृतघ्नपणा होय. दुसरे उत्तर असे, की इंग्रजी अमदानीतले ते मिशनरी बहुतांशी प्रॉटेस्टंट होते. आपण कॅथलिक. आपली श्रद्धा इंग्रजांचे राज्य येण्याच्या कितीतरी आधी, सोळाव्या शतकातच, या मातीत रुजली. मग त्यांच्या पापपुण्याचा हिशेब आपण का द्यावा?

दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच ती आपल्याला वर्षानुवर्षे पुरली. परंतु त्यांच्या आडोशाला एक प्रश्न लपून राहिला आहे. ब्रिटिश मिशनऱ्यांनी, प्रवाशांनी आणि बालसाहित्यिकांनी हिंदुस्थानातल्या माणसाचे जे चित्र रेखाटले, त्या चित्राखाली आपणही होतो, हे आपण जाणतो काय? आणि तेच चित्र आज आपण इतरांचे काढीत आहोत, हे आपल्या ध्यानात आले आहे काय? माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे, की ज्या मिशनकथेत शुभवार्ता ऐकणाऱ्याला स्वतःची वाणी नसते, ती कथा कोणत्याही पंथाच्या माणसाने लिहिलेली असो, ती शुभवार्तेची कथा नव्हे. ती देणाऱ्याची आत्मस्तुती होय.

या साहित्याचा सर्वांत प्रभावी नमुना म्हणजे मेरी मार्था शेरवूड या इंग्रज लेखिकेचे एक चिमुकले पुस्तक. १८१४ साली ते इंग्लंडात प्रसिद्ध झाले. त्याच्या नावाचे मराठी रूप करायचे तर ‘लहानगा हेन्री आणि त्याचा बेअरर’ असे होईल. बेअरर म्हणजे साहेबाच्या घरचा खासगी चाकर. शेरवूडबाईंचे यजमान त्रेपन्नाव्या पलटणीत अधिकारी होते. १८०५ ते १८१६ ही अकरा वर्षे बाईंनी उत्तर हिंदुस्थानातील छावण्यांमध्ये काढली. सोजिरांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा चालविल्या, आणि आपली स्वतःची दोन लहान मुले, हेन्री आणि ल्यूसी, याच देशाच्या मातीत पुरली. त्यांचे दुःख खोटे नव्हते, त्यांची भक्तीही खोटी नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे म्हणायचे आहे ते व्यक्तीच्या विरुद्ध नाही, दृष्टीच्या विरुद्ध आहे.

कथा अशी. हेन्री हा दानापूरला जन्मलेला पोरका इंग्रज मुलगा. एका श्रीमंत मडमेने त्याला घरात घेतले आहे, पण तिला त्याच्याकडे पाहायला सवड नाही. त्याला आंघोळ घालणारा, भरवणारा, आजारपणात उशाशी बसणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे बूसी हा त्याचा बेअरर. मूल बूसीचीच भाषा बोलते, त्याच्या मांडीशी बसून पान चघळते, बाजारची मिठाई खाते, पायांत चांदीचे वाळे घालते. पुढे इंग्लंडहून एका धर्मगुरूची तरुण कन्या येते, हेन्रीला इंग्रजी वाचायला शिकविते, पवित्र शास्त्राची ओळख करून देते. मग तो बालक बूसीच्या तारणाची चिंता वाहू लागतो. आठव्या-नवव्या वर्षी हेन्रीला मृत्यू येतो. त्याच्या मरणानंतर बूसी ख्रिस्ती होतो. पुस्तक संपते.

कित्येक पिढ्यांच्या इंग्रज बालकांनी हे पुस्तक वाचून अश्रू ढाळले. त्याच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या आणि हिंदुस्थानी व चिनी भाषांतही त्याची भाषांतरे झाली. आता त्यातल्या एका जागेकडे वाचकांनी लक्ष द्यावे. हेन्री धर्माची गोष्ट काढतो तेव्हा बूसी त्याला आपले मत सांगतो. ओढे अनेक, नद्या अनेक, पण शेवटी सगळे पाणी समुद्रालाच मिळते. तसेच धर्मांचे आहे, अशा आशयाचे ते बोलणे आहे. हा विचार शेरवूडबाईंनी कल्पनेतून काढलेला नाही. शिवमहिम्नस्तोत्राची परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याचे मूळ लगेच उमगेल. म्हणजे एका अडाणी समजल्या गेलेल्या चाकराच्या तोंडी या देशातील एक प्राचीन आणि गंभीर विचार आला होता. तो आपल्याला मान्य असो वा नसो. प्रभू येशूच एकमेव तारणारा आहे असे मानणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याला उत्तर द्यावे, अवश्य द्यावे. पण उत्तर देण्यासाठी आधी तो प्रश्न आहे हे मानावे लागते. पुस्तकात तो प्रश्न म्हणून उभाच राहत नाही. आठ वर्षांच्या मुलाने निकालात काढावा इतकाच त्याचा भाव. ज्याने मुलाला अंगाखांद्यावर वाढविले तो प्रौढ माणूस मूल ठरला, आणि मूल त्याचा गुरू झाले. बूसीची आई कोण होती, त्याने स्वतःची मुले कुठे ठेवली होती, यातले काही या पुस्तकातून कळावे अशी ना लेखिकेला निकड वाटली, ना वाचकाला.

असे का झाले, याचे कारण केवळ अहंकारात शोधू नये. या साहित्यामागे एक व्यवस्था होती. ईस्ट इंडिया कंपनीला प्रारंभी आपल्या मुलखात मिशनरी नकोच होते. विल्यम केरीला डेन लोकांच्या सेरामपूरचा आश्रय घ्यावा लागला तो त्यामुळेच. १८१३ साली कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण झाले आणि मिशनऱ्यांना दार उघडले. ते दार उघडावे म्हणून इंग्लंडात लोकमत तयार करायचे होते, आणि उघडल्यावर ते उघडे राहण्यासाठी पैसा उभा करायचा होता. हा पैसा सरदार-उमरावांपेक्षा सामान्य कुटुंबांच्या पेनी-पेनीतून आला. रविवारच्या शाळांतून मुलांच्या हाती वर्गणीच्या पेट्या दिल्या जात, बक्षीस म्हणून मिशनकथांची पुस्तके वाटली जात. लंडन मिशनरी सोसायटीने १८४४ साली ‘जॉन विल्यम्स’ नावाचे जहाज दक्षिण समुद्रातील बेटांसाठी घेतले, त्यासाठी मुलांनी सहा हजार पौंडांहून अधिक रक्कम गोळा केली होती. केवढी ही निष्ठा! परंतु हिशेब उघड आहे. दूरच्या देशातला काळोख जितका गडद रंगवावा, तितकी पेटी जड होते. तिकडे विचार करणारी, प्रश्न विचारणारी, आपल्या परीने देवाला शोधणारी माणसे आहेत असे लिहिले, तर पेनी टाकणाऱ्या बालकाला आपली गरज काय ते कळणार नाही. म्हणून बूसीला गप्प ठेवावे लागले.

आता ‘हा प्रॉटेस्टंटांचा मामला, आपला काय संबंध’ असे म्हणणाऱ्यांकडे वळू. क्लॉडियस ब्युकॅनन या पाद्रीसाहेबांचा ग्रंथ १८११ साली प्रसिद्ध झाला, आणि १८१३ च्या सनदेसाठी जनमत तापविण्यात त्याचा मोठा वाटा होता. त्यात जगन्नाथपुरीच्या रथयात्रेचे भीषण वर्णन आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच ग्रंथात गोव्याचेही वर्णन आहे, हे मात्र आपण विसरतो. ब्युकॅनन १८०८ च्या जानेवारीत गोव्यास आला, इन्क्विझिशनच्याच एका अधिकाऱ्याचा पाहुणा म्हणून राहिला, आणि त्या न्यायासनाच्या अंधारकोठड्या दाखवा म्हणून यजमानाच्या मागे लागला. इन्क्विझिशनचे समर्थन मी करणार नाही. १५६० ते १८१२ या काळात, मधला थोडा अवधी सोडला तर, ते गोव्यात चालू होते आणि त्याने माणसांना छळले, हा इतिहास आहे. तो आपल्याच घरातला आहे आणि आपणच तो सांगितला पाहिजे. माझा मुद्दा निराळा आहे. ब्युकॅननच्या ग्रंथात जगन्नाथाचा रथ आणि पोपचा धर्म ही एकाच काळोखाची दोन दालने आहेत. मलबारच्या सुरियानी ख्रिस्ती लोकांविषयी तो ममतेने लिहितो, त्याचे कारणही उघड आहे; त्यांच्यात त्याला रोमच्या सत्तेपासून अलिप्त राहिलेली प्राचीन श्रद्धा दिसली.

स्वतः शेरवूडबाईंनी पुढे काय लिहिले? १८३३ साली त्यांची ‘द नन’ ही कादंबरी आली. मठवासी धर्मभगिनींचे जीवन म्हणजे कपट आणि कैद, असा तिचा सूर आहे. ज्या लेखणीने बूसीला मुका केला, त्याच लेखणीने आपल्या धर्मभगिनींना बंदीवान आणि धर्मगुरूंना कारस्थानी ठरविले.

बिशप हेबर यांचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण हा मनुष्य खरोखर उदार होता. कलकत्त्याचे बिशप म्हणून १८२४-२५ मध्ये त्यांनी बंगालपासून मुंबईपर्यंत प्रवास केला. त्यांची प्रवासवही त्यांच्या मृत्यूनंतर १८२८ साली त्यांच्या पत्नीने प्रसिद्ध केली. इंग्रज जिथे जातात तिथे स्वतःचीच एक वेगळी जात करून राहतात आणि शेजाऱ्यांचा दुरावा ओढवून घेतात, अशी कबुली त्यांनी त्या वहीत दिली आहे. तरीही आपल्या साष्टी बेटावर, ठाण्याला, ते आले तेव्हा त्यांना काय दिसले? तिथल्या कॅथलिक वस्तीची त्यांनी जी नोंद केली, तिच्यात या लोकांचा काळा रंग, देशी लोकांसारख्या चालीरीती आणि डुकराचे खारवलेले मांस तयार करण्यातले त्यांचे कसब यांना जागा मिळाली. त्या घरांत तीनशे वर्षांत किती पिढ्यांनी रोझरी म्हटली, पोर्तुगीज गेल्यावर आणि मराठी अमदानीत त्यांनी आपली श्रद्धा कशी सांभाळली, याला त्या नोंदीत जागा मिळाली नाही. आपल्या आजोबा-पणजोबांची बाजू, बूसीच्या बाजूसारखीच, कुणी विचारली नाही.

याच हेबरांनी हिंदुस्थानात येण्याआधी, १८१९ साली, एक मिशनगीत रचले होते. लंकेचा निसर्ग मोठा रम्य, पण तिथला मनुष्य तेवढा अधम, असा त्यातल्या दोन ओळींचा भाव आहे. १९२५ साली कलकत्त्यात मिशनऱ्यांपुढे बोलताना गांधीजींनी त्याच ओळींचा उल्लेख केला आणि त्या आपल्याला नेहमी डाचत आल्या, असे सांगितले. शंभराहून अधिक वर्षांनंतरही ज्यांची बोच जात नाही, त्या ओळी एका सज्जन माणसाने लिहिल्या होत्या. दुष्टांच्या लेखणीपासून सावध राहणे सोपे असते. सज्जनांचे गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेसारखे गायिले जातात.

कुणी म्हणेल, त्या काळी याहून वेगळे दिसणे शक्यच नव्हते. आजचा गज लावून कालचे मोजू नका. हा युक्तिवाद मी मान्य केला असता, पण इतिहास तो मान्य करू देत नाही. शेरवूडबाई कानपुरात होत्या तेव्हा तिथेच हेन्री मार्टिन हा त्यांचा स्नेही धर्मगुरू प्रवचने देत असे. ती ऐकून शेख सालिह नावाच्या एका सुशिक्षित मुसलमानाच्या मनात जिज्ञासा जागी झाली. त्याने स्वतः वाचन केले, विचार केला आणि १८११ साली बाप्तिस्मा घेऊन अब्दुल मसीह हे नाव धारण केले. आग्र्यात त्याने मंडळी उभी केली, रोग्यांना औषधे दिली, आपली रोजनिशी लिहिली. १८२५ साली हेबरांनीच त्याला दीक्षा दिली. म्हणजे शोध घेणारा, वाद करणारा, लिहिणारा हिंदी ख्रिस्ती या मंडळींच्या डोळ्यांसमोर हयात होता. तरीही इंग्लंडच्या घराघरात पोहोचला तो बूसी. अब्दुल मसीह किती इंग्रज मुलांना ठाऊक झाला असेल?

आणखी एक दाखला द्यायचा तर तो याहून दोनशे वर्षे जुना आहे, आणि तो आपल्या घरातला आहे. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज हा मिशनरीच होता, आणि तो कॅथलिक होता. मायदेशात कॅथलिकांचा छळ चालू असताना फादर थॉमस स्टीफन्स येशूसंघात दाखल झाले, आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले. लगेच पुढच्या महिन्यात त्यांनी आपल्या वडिलांना लिहिलेले प्रवासाचे पत्र नंतर इंग्लंडात छापलेही गेले. तेव्हा ब्रिटिश मिशनरी लेखन आणि प्रवासलेखन यांचा हिंदुस्थानातला आरंभ शोधायचा तर तो याच पत्रापाशी येतो. ‘आपला काय संबंध’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे.

या फादरांनी पुढे काय केले? इथल्या भाषा शिकल्या. १५८३ च्या सुमारास बंधूला लिहिलेल्या पत्रात या भाषांचे ग्रीक आणि लॅटिनशी साम्य असल्याचे नोंदविले. आणि गोव्याच्या साष्टी प्रांतात राहून मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या आपण समारंभात मोठ्या अभिमानाने म्हणतो आणि तिथेच थांबतो. त्या ग्रंथाचा आरंभ कसा आहे, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. धर्मशिक्षण चालू असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो. तुम्ही आम्हाला शिकवण दिली ती योग्यच, पण आमची जुनी पुराणे सुटली. त्यांच्या जागी वाचायला, ऐकायला आम्हाला काही तरी द्याल की नाही? या मागणीतून पुराण सुरू होते. मागणारा इथला, छंद इथला, शंका इथल्या. पुढेही प्रश्न येत राहतात आणि पाद्री उत्तरे देत राहतात. शेरवूडबाईंच्या पुस्तकात बूसीचे वाक्य जिथे संपते, तिथे स्टीफन्सचे पुराण सुरू होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

मी स्टीफन्सना देव्हाऱ्यात बसवीत नाही. १५६७ साली साष्टीतील देवळे पोर्तुगीजांनी पाडली. १५८३ साली कुंकळ्ळी येथे येशूसंघीय मारले गेले आणि त्यानंतर गावकऱ्यांना कपटाने ठार करण्यात आले. अशा भूमीत फादर वावरत होते. जुनी पुराणे त्या ब्राह्मणाने स्वखुशीने टाकली की त्याच्या हातून काढून घेतली गेली, हा प्रश्न त्या सुंदर आरंभाच्या मागे उभा आहे. ख्रिस्तपुराणातही हिंदू देवतांचे खंडन आहे. तरीसुद्धा राजसत्तेच्या छायेत राहूनही माणसाला प्रश्न विचारू देता येतो, त्याच्या भाषेचा मान ठेवता येतो, हे त्या ग्रंथाने सिद्ध केले आहे. १६१६ मध्ये जे शक्य होते, ते १८१४ मध्ये अशक्य होते असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आपल्या मराठी मुलखातील प्रॉटेस्टंट बंधुभगिनींनीही गप्प बसायचे नाकारले. ट्रॅक्ट-पुस्तकांच्या त्याच जगातून बाबा पदमनजी पुढे आले, आणि १८५७ साली त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले. विधवांचे दुःख त्यांनी परक्याच्या कुतूहलाने पाहिले नाही. ते त्यांच्या ओळखीच्या घरांतले होते. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या, पण आपल्या गुरुस्थानी असलेल्या इंग्रज धर्मभगिनींपुढे त्यांनी विवेक गहाण टाकला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, इथपर्यंत त्यांनी वाद घातला. पुढे अमेरिकेत राहून १८८९ साली त्यांनी त्या देशाचे लोकस्थितिवर्णन मराठीत प्रसिद्ध केले. मडमा आमच्या देशाची वर्णने लिहीत होत्या त्याच काळात एक मराठी ख्रिस्ती स्त्री त्यांच्या जगाचे गुणदोष आपल्या भाषेत मांडीत होती. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर आपण सर्वांनी वाचली आहेत. नवऱ्याच्या धर्मांतराने उद्ध्वस्त झालेली, भांडलेली, रडलेली, हसलेली आणि शेवटी आपल्या पायांनी चालत ख्रिस्ताकडे आलेली ती बाई. तिच्या जागी शेरवूडबाईंनी कोण उभे केले असते, याची कल्पना करून पाहावी.

आता सर्वांत कटू भाग.

आपल्या धर्मग्रामांत मिशन रविवार साजरा होतो. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरीकडच्या वारली, काथोडी, कोकणा बांधवांसाठी दानपेटी फिरते. आपले धर्मगुरू आणि धर्मभगिनी त्या पाड्यांवर जे कष्ट उपसतात, त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. परंतु त्या दिवशी आपण जी भित्तिपत्रके लावतो, बालकांकडून जी नाटुकली करून घेतो, महोत्सवी स्मरणिकांतून जे लेख छापतो, ते एकदा नीट पाहावे. त्यांतला आदिवासी नेहमी उघडा असतो, दारू पिऊन पडलेला असतो, भगताच्या नादी लागलेला असतो. मग शहरातून कुणी तरी ताई किंवा ब्रदर जातात, आणि तो हात जोडतो. त्याच्या तोंडी वाक्य असते ते आभाराचे. ज्या वारली स्त्रीला रानातल्या वनस्पती ओळखतात, जिच्या चौकाची चित्रे आज जगभर जातात, जी आपल्याच जमिनीवर वेठबिगार झाली होती आणि १९४५ च्या उठावात जिने जमीनदारापुढे मान ताठ केली, ती आपल्या नाटुकल्यात कधी आली आहे काय? दोनशे वर्षांपूर्वी ठाण्याच्या कॅथलिकांत हेबरांना जेवढे दिसले, तेवढेच आपल्याला आज पाड्यावर दिसते. गौर साहेबाच्या जागी आपण गेलो, आणि बूसीच्या जागी वारल्याला बसविले.

‘पण त्याखेरीज लोक दान देणार नाहीत,’ असे उत्तर येईल. हे उत्तर नवे नाही. पेनीच्या पेट्या फिरविणाऱ्यांचे हेच उत्तर होते. आपल्या कॅथलिक परंपरेतही १८४३ साली फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या पवित्र बालपण संघाने दूरदेशीच्या ‘परधर्मी बाळांच्या’ नावाने याच रीतीने नाणी गोळा केली. दान मिळाले, मुले जगली, हे चांगलेच झाले. पण दात्याच्या मनात घेणाऱ्याविषयी जी प्रतिमा उरली, तीही त्या नाण्यांची किंमत होती, आणि ती दुसऱ्याच कुणी तरी चुकविली. व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांतील सत्य आणि पावित्र्याच्या अंशांचा आदर करावयास सांगितले, मिशनकार्यात स्थानिक संस्कृतीला मान देण्यास सांगितले. परिषदेची कागदपत्रे आपल्या ग्रंथालयांत आहेत. आपल्या नाटुकल्यांपर्यंत ती पोहोचायची आहेत.

दुसरा आक्षेप येईल तो अधिक काळजीचा. ‘आजचे दिवस कठीण आहेत. मिशनरी म्हटले की संशय, धर्मांतराचा आरोप. अशा वेळी आपणच आपल्या लेखनातले दोष काढले, तर विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळेल.’ ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण कोलीत आपण आधीच दिलेले आहे; ते आपल्या स्मरणिकांत छापलेले आहे. ‘तुम्ही आम्हाला अडाणी समजता, आमच्या गरिबीचे भांडवल करता’ असा आरोप झाला, तर विरोधकाला पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. त्या आरोपाला एकच उत्तर टिकाऊ आहे, आणि ते म्हणजे श्रद्धा स्वीकारणाऱ्या माणसाने स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या बोलीत सांगितलेली त्याची हकिकत. ती सांगताना तो आपल्यावरही टीका करील. करू द्यावी.

आपला संत गोन्सालो गार्सिया याचीच गोष्ट पाहा. वसईचा हा मुलगा. जपानला गेला, तिथे व्यापार केला, जपानी भाषेत पारंगत झाला, मग फ्रान्सिस्कन बंधू म्हणून आपल्या सहकाऱ्यांचा दुभाषी झाला आणि १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाला. ज्याचे सगळे मिशनकार्य दुसऱ्याची भाषा ऐकण्यावर आणि बोलण्यावर उभे होते, त्याला आपण आपल्या मुलांच्या पुस्तकांत काय केले आहे? डोळे आकाशाकडे लावलेला, गोरागोमटा, निर्जीव बालसंत. तो बाजारात भाव कसा करीत असेल, परक्या भाषेतले पहिले शब्द कसे चुकत असेल, हे मुलांना सांगायला आपल्याला संकोच का वाटावा? लहानग्या हेन्रीचा साचा आपण इतका आत्मसात केला आहे, की आपल्याच गावच्या संताला त्यात ओतून मोकळे झालो.

म्हणून धर्मग्रामांच्या ग्रंथालय समित्यांना, धर्मशिक्षण वर्गांच्या शिक्षकांना आणि स्मरणिकांच्या संपादकांना माझी काही मागणी आहे. मिशनविषयी जे काही छापाल किंवा रंगमंचावर आणाल, ते आधी ज्यांच्याविषयी आहे त्यांना वाचून दाखवा. त्यांना हसू आले, राग आला, तर ते बदला. पाड्यावरच्या एका तरी मुलीला लिहायला सांगा, आणि तिचे लिखाण ‘सुधारून’ घेऊ नका. ख्रिस्तपुराणातील प्रश्नोत्तरे बालकांसाठी सोप्या गद्यात आणा. त्यांतले प्रश्न गाळू नका, उत्तरे थोडी कमी आली तरी चालतील. इंग्रजी अमदानीतली मिशनकथांची जुनी पुस्तके कुणाच्या माळ्यावर असतील, तर ती रद्दीत घालू नका. मोठ्या मुलांच्या हाती द्या, आणि वाचून झाल्यावर त्यांना एकच प्रश्न विचारा, की ही गोष्ट बूसीने सांगितली असती तर तिची सुरुवात कुठून झाली असती?

प्रभू येशूने विहिरीवर शमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले, आणि मग तिच्याशी वाद होऊ दिला. तिच्या डोंगराची आणि यरुशलेमची तुलना तिने केली, ती त्याने ऐकून घेतली. गावात जाऊन शुभवार्ता सांगितली ती तिने, तिच्या शब्दांत. शिष्य तोवर अन्न आणायला गेले होते, आणि परत आल्यावर, तो एका स्त्रीशी बोलतो आहे याचेच त्यांना नवल वाटले. आपल्या येत्या मिशन रविवारच्या नाटुकल्यात त्या स्त्रीला किती वाक्ये द्यायची, हे संहिता लिहिणाऱ्यांनी आताच ठरवावे.